खांद्यावरचे वस्त्र

२६ जुलै १८५९ रोजी त्रावणकोर संस्थानाने एक जाहीरनामा काढला. संस्थानाच्या दक्षिण टोकाला राहणाऱ्या शाणार, म्हणजे आज ज्यांना नाडर म्हणतात, त्या समाजाच्या सर्व स्त्रियांना छाती झाकण्याची मुभा त्यात दिली होती. ख्रिस्ती झालेल्या नाडर स्त्रिया घालत तशी सैल बंडी त्यांनी घालावी, किंवा किनाऱ्यावरच्या मुक्कुवर कोळणींप्रमाणे जाडेभरडे कापड अंगाभोवती बांधावे. अट एकच होती: वरच्या जातींच्या बायका वस्त्र घेतात तसे मात्र घेऊ नये. मला या जाहीरनाम्यातली परवानगी जितकी महत्त्वाची वाटते, त्याहून ही अट जास्त महत्त्वाची वाटते. सरकारला केवळ लज्जेची चिंता असती, तर अंग झाकले गेल्याबरोबर ती मिटली असती. कापड जाड असावे की तलम, ते खांद्यावरून जावे की नाही, ते कोणासारखे दिसू नये, हे सांगण्याचे कारणच उरले नसते. जवळजवळ अर्धशतक मारझोड, जाळपोळ आणि खटले ज्या वस्त्रावरून झाले, त्याचा तंटा अंग उघडे की झाकलेले एवढ्यापुरता कधीच नव्हता. कोणी कोणापुढे कसे उभे राहायचे, याचा तो तंटा होता. आणि पुढच्या दीडशे वर्षांत तो ज्या रीतीने मिटला, त्यात पुरुषाचे अंग मोकळे झाले. बाईच्या अंगावरचा पहारा मात्र उठला नाही, तो फक्त उलट दिशेने सुरू झाला.

तेव्हाच्या केरळात उघडी छाती ही लाजेची गोष्ट नव्हती, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. मुंडू कमरेला गुंडाळावा आणि वरचे अंग मोकळे ठेवावे, असा पुरुषांचा आणि बहुतेक सर्व जातींतल्या स्त्रियांचाही रोजचा वेष होता. खांद्यावर घ्यायचे दुसरे वस्त्र मानाचे होते आणि त्याचा खरा उपयोग ते काढण्यात दिसे. आपल्याहून वरच्या माणसापुढे आले की ते उतरवायचे. नायर पुरुष आणि नायर स्त्रिया नंबूदिरी ब्राह्मणापुढे ते उतरवीत. देवापुढे सगळेच उतरवीत. उतरंडीच्या तळाशी असलेल्यांना ते अंगावर घेण्याचाच अधिकार नव्हता, कारण ज्यांच्यापुढे ते कायम उघडेच राहायचे अशी माणसे त्यांच्याभोवती सगळीकडे होती. ताडावर चढून रस काढणाऱ्या नाडरांवर आणखीही बंधने होती. छत्री वापरायची नाही, पायात वहाण घालायची नाही, सोन्याचा दागिना ल्यायचा नाही, घर एका मजल्याहून उंच बांधायचे नाही, दुभती गाय पाळायची नाही. बाईने पाण्याची घागर कमरेवर घ्यायची नाही. उघडी छाती या यादीतला एक नियम होता आणि तो स्त्री-पुरुष दोघांना सारखाच लागू होता. हा सारखेपणा ध्यानात ठेवायला हवा, कारण पुढच्या शतकात जे मोडले ते नेमके हेच.

लंडन मिशनरी सोसायटीचा रिंगेलटॉब १८०६ मध्ये मैलाडी गावी आला आणि त्याच्यामागून आलेल्या पाद्र्यांनी नागरकोइलला आपले ठाणे केले. हजारो नाडर ख्रिस्ती झाले. पाद्री आणि त्यांच्या बायका इंग्लंडातून आले होते आणि स्त्रीची उघडी छाती पाहणे त्यांना असह्य होते. त्यांनी नव्या ख्रिस्ती बायकांसाठी कुप्पायम नावाची सैल बंडी पुढे केली. त्या वेळी ब्रिटिश रेसिडेंट आणि त्रावणकोरचा दिवाण ही दोन्ही पदे कर्नल जॉन मन्रो याच्याकडे होती. १८१२ ते १८१४ या काळात त्याच्या कारकिर्दीत निघालेल्या हुकुमांनी ख्रिस्ती नाडर स्त्रियांना अंग झाकण्याची परवानगी मिळाली. पण ती सीरियन ख्रिस्ती आणि मापिला मुसलमान बायका घालतात तशा बंडीची. नायर स्त्रिया घेतात ते खांद्यावरचे वस्त्र घेण्याची नव्हे. तोडगा शहाणपणाचा दिसत होता. पाद्र्यांचे समाधान झाले, नायरांचा मान राहिला. समाधान झाले नाही ते नाडर स्त्रियांचे. बंडी मिळाल्यावरही त्या बंडीच्या वर खांद्यावरचे वस्त्र घेऊन बाजारात येऊ लागल्या.

या एका गोष्टीत एका नेहमीच्या आक्षेपाचे उत्तर आहे. आक्षेप असा की हा सगळा लढा परक्यांनी लावलेला होता. मोकळ्या, निरागस समाजाला व्हिक्टोरियन काळातल्या पाद्र्यांनी लाज शिकवली आणि मग बायका अंग झाकायला धडपडू लागल्या. पाद्र्यांनी लाज शिकवली हे खरेच आहे, त्यांची पत्रे तिने भरलेली आहेत. पण केवळ लाज शिकलेल्या बाईला बंडी पुरली असती. बंडीने अंग पूर्ण झाकले जाते, उलट खांद्यावरचे वस्त्र झाकण्याच्या कामी बंडीपेक्षा कमीच पडते. तरीही या स्त्रियांनी मार खाऊन ते घेतले, कारण त्यांना हवे होते ते नायर बाईच्या बरोबरीचे उभे राहणे. पाद्र्यांनी त्यांना एक भाषा दिली, संस्थानच्या दरबारात आणि मद्रास सरकारपुढे चालेल अशी सभ्यतेची भाषा. त्या भाषेत त्यांनी जी मागणी घातली ती त्यांची स्वतःची होती, आणि ती पाद्र्यांच्या अपेक्षेपलीकडे गेली.

१८२२ पासून कलकुलम, इरणिएल या भागांत दंगे सुरू झाले. बाजारात बायकांना अडवून त्यांच्या अंगावरची वस्त्रे फाडली जात. प्रकरण पद्मनाभपुरमच्या न्यायालयापर्यंत गेले, पण तंटा थांबला नाही. १८२८ मध्ये तो पुन्हा पेटला, शाळा आणि प्रार्थनाघरे जाळली गेली. फेब्रुवारी १८२९ मध्ये राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या राणी गौरी पार्वती बाई यांनी जाहीरनामा काढला: नाडर स्त्रियांना खांद्यावरचे वस्त्र घेता येणार नाही, ख्रिस्ती असलेल्यांनी बंडी घालावी, आणि सरकारी वेठबिगार इतरांप्रमाणे त्यांनाही करावी लागेल, रविवार तेवढा वगळून. वस्त्र आणि वेठ एकाच कागदावर आले यात आश्चर्य नाही. दोन्हींचे मूळ एक होते: कोणाचे अंग कोणाच्या कामाचे, हे ठरवण्याचा अधिकार. हुकूम देणारी स्वतः स्त्री होती, याचीही नोंद घ्यावी लागते. राजघराण्यातल्या स्त्रीला नाडर स्त्रीच्या छातीशी आपला काही संबंध आहे असे वाटायचे कारणच त्या समाजरचनेत नव्हते.

याच मुलखात, ख्रिस्ती न होता, आणखी एक चळवळ उभी राहिली आणि तिने हा प्रश्न पुरुषाच्या बाजूने मांडला. सामितोप्पूचे अय्या वैकुंदर (१८०९–१८५१) यांनी आपल्या अनुयायी पुरुषांना डोक्याला फेटा बांधून देवापुढे येण्यास सांगितले. ज्यांना मालकापुढे डोक्याचे वस्त्र काढून काखेत धरावे लागे, त्यांनी देवापुढे ते डोक्यावर ठेवावे, असा हा नियम आजही त्यांच्या अय्यावळी पंथात पाळला जातो. संस्थानाने वैकुंदरांना तुरुंगात टाकले होते. पुरुषाची प्रतिष्ठा डोक्यावर आणि बाईची छातीवर अशी वाटणी या काळात पक्की होत गेलेली दिसते. दोन्ही वस्त्रांचा अर्थ एक होता, तरी फेट्याचा तंटा मानाचाच राहिला आणि खांद्यावरच्या वस्त्राचा तंटा हळूहळू अब्रूचा झाला.

१८५५ मध्ये त्रावणकोरने गुलामगिरी रद्द केली. वरच्या जातींना पायाखालची जमीन सरकते आहे असे वाटू लागले. १८५८ च्या नोव्हेंबरात राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला आणि दोन्ही बाजूंनी तो आपापल्या अर्थाने वाचला. नाडरांना त्यात बरोबरीचे आश्वासन दिसले. नायरांना त्यात धर्मात आणि रूढीत हात न घालण्याचे वचन दिसले, म्हणजे जुना बंदोबस्त पुन्हा बसवण्याची मोकळीक. त्या वेळी दिवाणपदी होते टी. माधवराव. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले, तंजावरच्या मराठी देशस्थ ब्राह्मण घराण्यातले, राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्रावणकोरला आलेले आणि तिशीच्या उंबरठ्यावर दिवाण झालेले. पुढे इंदूर आणि बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्राला त्यांची चांगली ओळख झाली. डिसेंबर १८५८ मध्ये त्यांनी जाहीर केले की १८२९ चा हुकूम अजूनही लागू आहे, आणि दोन्ही पक्षांनी शांतता मोडू नये. पण जो हुकूम एका पक्षाच्या बाजूने आहे तो लागू ठेवून दोघांना शांत राहा म्हणणे, याचा अर्थ गावोगावच्या माणसांनी बरोबर ओळखला. जानेवारी १८५९ मध्ये नागरकोइलजवळच्या गावांवर लाठ्या-सुऱ्या घेतलेल्या टोळ्या चालून गेल्या. घरे जळली, बायकांना विवस्त्र केले गेले.

बातम्या मद्रासला पोहोचल्या. तिथे नुकतेच गव्हर्नर झालेले सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी रेसिडेंट जनरल कलन यांना कडक शब्दांत लिहिले की या प्रकरणात आपण ठाम राहिलो नाही तर सगळे सुधारलेले जग आपल्याला दोष देईल. दबाव आल्यावर माधवरावांनी तोडगा सुचवला. नाडर स्त्रियांना वरचे अंग झाकण्यास असलेली सर्व मनाई उठवावी, लज्जारक्षणासाठी त्यांना योग्य वाटेल ते करण्याचे पूर्ण स्वातंत्र्य द्यावे, फक्त वरच्या जातींच्या वेषाची नक्कल करू नये एवढेच बंधन ठेवावे. जुलैचा जाहीरनामा या सूत्रावरच बेतलेला आहे. माधवराव हे त्या शतकातले अत्यंत कर्तबगार आणि सुधारक वृत्तीचे प्रशासक होते, याबद्दल शंका नाही. संस्थानातले व्यापारी मक्ते उठवले, शिक्षण वाढवले, कारभार सरळ केला. म्हणूनच त्यांच्या हातचे हे सूत्र बारकाईने वाचावे असे वाटते. लज्जा द्यायला ते तयार होते, बरोबरी द्यायला नव्हते. आणि या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात हे त्यांना पुरते ठाऊक होते. हा लढा लज्जेचा नव्हता, याचा सगळ्यात भक्कम पुरावा खुद्द दिवाणांनीच लिहून ठेवला आहे.

तरीही एक प्रश्न राहतो. नियम पुरुषांनाही होता, नाडर पुरुषही गुडघ्याखाली धोतर सोडू लागले होते, मग हल्ला बायकांच्या वस्त्रावरच का? कारण बाईचे वस्त्र ओढल्याने एका वेळी दोन माणसांचा अपमान होतो, असे हल्लेखोर मानत होते आणि नाडर पुरुषही मानू लागले होते. अर्ज पुरुषांनी केले, पत्रे पाद्र्यांनी लिहिली, हुकूम दिवाणांनी काढले. जिच्या खांद्यावरून हे वस्त्र खेचले गेले, तिचा स्वतःचा आवाज या सगळ्या कागदपत्रांत जवळजवळ कुठेच ऐकू येत नाही. तिचे म्हणणे तिच्या कृतीवरूनच वाचावे लागते: बंडी मिळूनही तिने वस्त्र घेतले, फाडले गेल्यावर पुन्हा घेतले. नंतरच्या काळाने मात्र तिची गोष्ट बदलली. मानासाठी लढणारी बाई बाजूला पडली आणि शील राखणारी बाई पुढे आली. चेर्तलाच्या नंगेलीची कथा आज सर्वदूर पोहोचली आहे: छाती झाकण्यावरचा कर मागायला आलेल्या माणसापुढे तिने आपले स्तन कापून ठेवले. इतिहासाच्या अभ्यासकांनी दाखवले आहे की मुलक्करम नावाचा कर होता खरा, पण तो खालच्या जातींच्या स्त्रियांवरचा डोईपट्टीसारखा कर होता, पुरुषांवरच्या तलक्करमच्या जोडीचा; झाकण्याशी त्याचा संबंध नव्हता. एका गरीब बाईने जुलमी कराविरुद्ध जीव दिला असेल, तर ती गोष्ट तेवढीच थोर आहे. तिला लज्जेची गोष्ट करण्याची गरज आपल्याला भासली, कारण बाईचा त्याग शीलासाठी असला की तो लवकर पटतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. उष्ण, दमट प्रदेश, सगळेच उघडे राहत, त्यात जुलूम कसला. आज आपण आपल्या डोळ्यांनी तो जुलूम ठरवतो आहोत. उघडे राहणे स्वतः जुलूम नव्हते, हे मी वर म्हटलेच आहे. पण जी रीत केवळ हवामानाने ठरलेली असते, तिच्या रक्षणासाठी लाठ्या घेऊन गावांवर चालून जावे लागत नाही. उकाडा सर्वांना सारखा असतो. मनाई तशी नव्हती.

१८५९ नंतरच्या सत्तर-ऐंशी वर्षांत केरळातली वरच्या जातींची माणसेही पाद्र्यांच्याच डोळ्यांनी स्वतःकडे पाहू लागली, आणि हा बदल मला दंग्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो सरळ रेषेत झाला नाही. सी. केशवन, जे पुढे त्रावणकोर-कोचीनचे मुख्यमंत्री झाले, त्यांच्या आत्मचरित्रात त्यांच्या सासूबाईंच्या तरुणपणाची हकीकत आहे: भेट मिळालेली चोळी हौसेने घातली, तर त्यांची आईच संतापली की मुसलमान बाईसारखी हिंडणार का. जुन्या पिढीच्या लेखी चोळी हीच असभ्य होती. नंबूदिरी स्त्रिया घरात उघड्या छातीने वावरत आणि बाहेर पडताना आपादमस्तक गुंडाळून, ताडाच्या पानांच्या छत्रीआड चालत. तो पडदा टाकण्याची चळवळ १९३० च्या आसपास त्यांच्यातल्याच बायकांनी केली. त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, त्रावणकोरच्या किलिमानूरचे चित्रकार रविवर्मा देशाला देवींची रूपे देत होते. माधवरावांनीच त्यांना चित्रांच्या छापील प्रती काढण्याचा सल्ला दिला होता, आणि १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या छापखान्यातून त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या, साडी-चोळीत, पदर नीट सावरलेल्या. देवळाच्या दगडात ज्या देवीची छाती उघडी होती, भिंतीवरच्या तसबिरीत ती झाकली गेली. लढून मिळवलेला हक्क अशा रीतीने दोन पिढ्यांत कर्तव्य झाला. झाकता न येणाऱ्या बाईच्या जागी आता न झाकणारी बाई गुन्हेगार ठरली.

यावर कोणी म्हणेल, मग तो लढा चुकीचा होता का? अजिबात नाही. १९१५ मध्ये पुलय समाजाचे नेते अय्यंकाळी यांच्या हाकेवरून त्या समाजाच्या स्त्रियांनी कोल्लमच्या सभेत गळ्यातल्या दगडी मण्यांच्या माळा काढून फेकल्या. त्या माळा त्यांच्या जातीची खूण म्हणून त्यांच्यावर लादलेल्या होत्या. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना वेगळे बोलावून सांगितले की गुडघ्यापर्यंत वर नेसलेले लुगडे आणि चांदी-पितळेचे जड दागिने ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका, वरच्या जातींच्या बायका नेसतात तसे नेसा. दोन्ही ठिकाणी तेच घडले जे नागरकोइलच्या बाजारात घडले होते: अंगावर काय असावे हे ठरवण्याचा हक्क दुसऱ्याच्या हातून काढून घेतला गेला. हा हक्क मिळाल्यावर बाईने तो कसा वापरावा, यावर नंतर पुन्हा पहारा बसला, हा दोष त्या लढ्याचा नव्हे. जे पुरुष त्या लढ्यात सोबत होते आणि जे विरोधात होते, त्या दोघांचेही एका गोष्टीवर नंतर एकमत झाले, तो दोष त्या एकमताचा आहे.

हे एकमत किती एकतर्फी आहे, ते केरळात आजही दिसते. त्रिशूर जिल्ह्यातल्या वेलूरच्या मणिमलरकावु देवळात उत्सवाच्या मिरवणुकीत स्त्रियांनी वरचे अंग उघडे ठेवून तबक घेऊन चालायची रीत होती; ती १९५६ मध्ये आंदोलन करून बंद पाडावी लागली. पुरुषाची उघडी छाती मात्र अजून गुरुवायूरला आणि तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी देवळात प्रवेशाची अट आहे. जुन्या उतरंडीतला एकच नियम दोन तुकड्यांत फुटला: पुरुषाची उघडी छाती भक्तीची खूण म्हणून राहिली, स्त्रीची अश्लीलतेची खूण झाली. २०२० मध्ये कार्यकर्त्या रेहाना फातिमा यांनी आपल्या उघड्या अंगावर स्वतःची मुले चित्र काढत असल्याची ध्वनिचित्रफीत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्यावर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. जून २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कौसर एडप्पगत यांनी त्यांना आरोपमुक्त केले. निकालात त्यांनी लिहिले की नग्नता आणि अश्लीलता एक नव्हेत. पुलिकळीत वाघ रंगवलेली पुरुषांची अंगे आणि तेय्यमच्या विधिनृत्यातली रंगवलेली अंगे आपण सहज पाहतो, पुरुषाच्या अंगाच्या स्वायत्ततेवर क्वचितच कोणी प्रश्न विचारतो, बाईच्या अंगाकडे मात्र लैंगिक नजरेनेच पाहिले जाते.

३१ डिसेंबर २०२४ रोजी शिवगिरी मठाचे स्वामी सच्चिदानंद यांनी देवळांत पुरुषांना सदरा काढायला लावण्याची प्रथा बंद करावी असे म्हटले आणि मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी त्यांना पाठिंबा दिला. नायर सर्व्हिस सोसायटीच्या सरचिटणिसांनी लगेच हरकत घेतली की देवळांच्या रूढींत कोणी ढवळाढवळ करू नये. वाद पुष्कळ झाला, पण तो रूढीचा, जातीचा आणि श्रद्धेचा वाद राहिला. सदरा काढलेला पुरुष निर्लज्ज आहे किंवा त्याच्याकडे पाहून मुले बिघडतील, असे त्यात दोन्ही बाजूंपैकी कोणी म्हटले नाही.